हजबंदी, प्लेग आणि मदनपुरा

1897 साली मुंबई बंदरातून हजची जहाजे सुटली नाहीत. फेब्रुवारीत सरकारने यात्रेवर बंदी घातली होती. शहरात प्लेगने माणसे मरत होती, तेव्हा बंदी योग्यच होती असे आज कुणीही म्हणेल. मीही म्हणतो. पण याच सरकारने त्याआधीची तीस वर्षे अशी बंदी घालायचे सतत टाळले होते.

1865 मध्ये मक्केत कॉलऱ्याने हजारो हाजी दगावले. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर साथ इजिप्तमार्गे युरोपात पोचली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरूंकडे बोट दाखवले गेले. युरोपातल्या अनेक देशांना कडक क्वारंटाइन हवे होते, ब्रिटिश मात्र चालढकल करत राहिले. 1857 ची आठवण ताजी होती. रयतेच्या धर्मात हात घालणार नाही, असे राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्यात लिहून दिलेले होते. हज अडवला तर मुसलमान बिथरतील, ही धास्ती होती. शिवाय क्वारंटाइनमध्ये जहाजे अडकली की व्यापाराचा खोळंबा. कॉलरा हा धोका होताच, पण सरकारच्या तराजूत असंतोष आणि व्यापार यांचे पारडे जड ठरले.

प्लेगने हा तराजू फिरवला. आता युरोपातली बंदरे हिंदुस्थानी मालासाठी बंद होण्याची भीती होती. 1897 च्या फेब्रुवारीत व्हेनिसला पुन्हा परिषद भरली. तिथे काहीतरी करून दाखवणे भाग होते, म्हणून तीस वर्षे जे अशक्य होते ते काही दिवसांत झाले. बंदीमुळे साथीला थोडाफार आळा बसलाही असेल. पण आधी चालढकल आणि मग घाई, या दोन्हींच्या मुळाशी हाजीच्या जिवाची काळजी होती असे मानायला मन तयार होत नाही.

प्लेग ओळखला गेला तो सप्टेंबर 1896 मध्ये, मांडवी भागात. ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. रोगाचा जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कळलेले नव्हते. उंदरावरच्या पिसवांचे काम पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवले, आणि त्यालाही मान्यता मिळायला वर्षे गेली. तोवर मुंबईच्या गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले जात होते. त्याने उंदीर बिळांतून बाहेर पडून शेजारच्या घरांत शिरले असतील, ही आजची समजूत. अज्ञानाबद्दल मी सरकारला दोष देणार नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हते.

दोष आहे तो पुढच्या पावलात. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमे. पुढे त्याच्याच आधारे घरे तपासायची, रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे, आगगाडीतले प्रवासी उतरवून तपासायचे, हे सगळे चालले. चौथ्या कलमाने हे करणाऱ्या अधिकाऱ्यांना कोर्टकचेरीपासून अभय दिले. ज्यांची घरे उघडली जाणार होती त्यांच्यासाठी कायद्यात एक ओळही नव्हती.

प्लेगच्या इस्पितळात गेलेला बहुधा परत येत नसे. त्यामुळे लोक त्याला मरणाचे घर समजत. कायदा होण्याआधीच, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. सक्ती वाढली तसे लोक आजारी माणूस लपवू लागले, मृत्यू दुसऱ्याच रोगाच्या नावावर नोंदवू लागले. निम्म्याच्या आसपास शहर गाव सोडून गेले आणि जाताना रोगही घेऊन गेले. धोका शोधायला निघालेल्या सरकारला धोका दिसेनासा झाला.

पुण्यात रँडच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी घरांत घुसून जे केले आणि 22 जून 1897 च्या रात्री त्याचा शेवट कसा झाला, हे मराठी वाचकाला शाळेपासून पाठ आहे. मदनपुऱ्याचे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

मदनपुऱ्यात उत्तरेतून आलेले जुलाहे, म्हणजे मोमीन विणकर, दाटीवाटीने राहत. 9 मार्च 1898 ला प्लेगची तपासणी करणारे लोक एका जुलाह्याच्या घरी आले. घरात एक मुलगी आजारी होती. तिला तपासायला आणि न्यायला घरच्यांनी नकार दिला, शेजारी जमले, दगड उडाले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बघता बघता दंगल शहरात पसरली, लष्कर आले, माणसे मेली.

या प्रसंगाबद्दल लिहिणारे 'पडदा' हा एक शब्द वापरून मोकळे होतात. पडदा होताच. पण त्याच काळात पुण्याच्या ब्राह्मण वाड्यांत आणि परळच्या कामगार चाळींतही हाच संताप होता. परका पुरुष पोरीला उचलून अशा जागी नेणार, जिथून ती परत येण्याची आशा कमी; बाप दारात आडवा उभा राहिला, तर त्याला धर्माचे कारण शोधावे लागत नाही.

याच शहरात दुसरी गोष्टही घडत होती. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. खोजा इस्माइलींचे इमाम, तिसरे आगाखान, तेव्हा विशीचे होते. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिनना प्रयोगशाळेसाठी दिली. हजारो खोजांनी लस घेतली, तीही कुणी सोजीर दारात न येता. अर्थात खोजे सुखवस्तू व्यापारी, संघटित, आणि त्यांच्याकडे शब्द मानावा असा माणूस होता. मदनपुऱ्याच्या विणकरांसाठी असा कोण होता? सरकारदरबारी त्यांच्या बाजूने उठून बोलेल असा कुणी नव्हता.

दंगलीनंतर सक्ती हळूहळू सैल पडली. जातीजमातींनी स्वतःची प्लेग इस्पितळे काढली होती, त्यांत मुस्लिम जमातींचीही होती, आणि तिथे लोक आपणहून रोगी आणत. पुण्यात टिळकांनीही रँडच्या पद्धतीवर टीका करत असतानाच हिंदू प्लेग इस्पितळासाठी खटपट केली होती. प्लेग मात्र थांबला नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत देशात एक कोटीच्या वर माणसे त्याने नेली.

कायदा तसाच राहिला. मार्च 2020 मध्ये तो पुन्हा कपाटातून बाहेर निघाला. त्याच्या आणि इतर कायद्यांच्या आधारे अहमदनगर जिल्ह्यात विदेशी तबलिगींवर आणि त्यांना मशिदीत आसरा देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. दूरचित्रवाणीवर तर रोगाला धर्मच चिकटवला गेला. 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले असावे, अशा अर्थाचे मत नोंदवले. तोवर पाच महिने होत आले होते. दरम्यान कितीतरी गावांत भाजी विकायला येणाऱ्याला आधी नाव विचारले जात होते.