प्रतिकृती विमानाची रेडिओ-नियंत्रण जुळणी

प्रतिकृती विमानाच्या हलत्या पृष्ठभागांचा आणि जमिनीवरील प्रेषकाच्या काड्यांचा उड्डाणापूर्वी मेळ बसवण्याची प्रक्रिया. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३० च्या दशकात उडवलेले ‘गफ’ हे अशा विमानांपैकी आरंभीचे. हल्लीचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतात. त्यांत विमानातील ग्राही आपल्या प्रेषकाशी एकदा ‘बाइंड’ केला, म्हणजे जोडला, की इतरांचे संकेत मानत नाही.

जुळणीचे मर्म सर्व्होत, म्हणजे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरीत, आहे. साधारण १,००० ते २,००० मायक्रोसेकंद रुंदीच्या स्पंदांनुसार त्याचा दांडा फिरतो. १,५०० म्हणजे मध्य. म्हणून आधी ट्रिम (प्रेषकावरील सूक्ष्म दुरुस्ती) शून्यावर आणून सर्व्होला वीज द्यावी, मगच दांडा त्याला पृष्ठभागाशी जोडणाऱ्या ओढकाडीशी काटकोनात बसवावा. पृष्ठभागाच्या मध्यस्थितीत उरलेला फरक ओढकाडीची लांबी बदलून काढावा. तो ट्रिमने झाकणे हा निव्वळ आळस होय.

यानंतर दिशा तपासतात. काडी उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन (पंखामागची झडप) वर आणि डावे खाली जायला हवे. काडी मागे ओढली की एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) वर. ही तपासणी विमानाच्या मागे उभे राहूनच करावी, समोरून डावे-उजवे हमखास उलटते. उलटे एलेरॉन जमिनीवर निरुपद्रवी दिसते, पण उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान कोसळवते.

विद्युत मोटर असल्यास हे सारे पंखा काढून करतात. संकेत तुटल्यास थ्रॉटल बंद होईल अशी ‘फेलसेफ’ योजना ठरवून पल्ल्याची चाचणी घेतात. प्रेषक सर्वांत आधी चालू आणि सर्वांत शेवटी बंद करतात.