दुरुस्ती की मोडीत? पनवेलच्या वाटेवरचा एक जुना प्रश्न

१/ पनवेलच्या जुन्या वस्तीत, एखाद्या इमारतीच्या मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमिअर पद्मिनी अधूनमधून अजूनही दिसते. टायर बसलेले, काच धुळीने माखलेली. दर दिवाळीच्या साफसफाईत घरात एकच वाद होतो : गाडी दुरुस्त करावी की भंगारात द्यावी? प्रश्न घरगुती आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास मात्र जवळपास दोनशे वर्षांचा आहे.

२/ आरंभ मोटारीच्या कितीतरी आधी होतो. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या हस्ते बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. तोवर घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरत असे. आता गाड्या थेट पनवेल बंदरापर्यंत येऊ लागल्या आणि तेथून माल होड्यांनी मुंबईस जाऊ लागला.

३/ घाट उतरून आलेल्या गाडीची चाके खिळखिळी होत. म्हणूनच पनवेलचा मुख्य उद्योग ठरला तो बैलगाडीची चाके बनवण्याचा. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांनी त्याची मुद्दाम नोंद घेतली आहे. घाटावरचे गाडीवान येथून चाकांची जोडी घेऊन परतत. १८५२ मध्ये नगरपालिका मिळालेले हे गाव, म्हणजे वाहनाच्या दुरुस्तीवर उभी राहिलेली एक बाजारपेठही होते.

४/ बैलगाडीच्या बाबतीत 'दुरुस्ती की मोडीत' हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. आरा मोडला तर आरा बदलावा, लोखंडी धाव झिजली तर नवी चढवावी, तुंबा फुटला तर चाकच नवे घ्यावे. प्रत्येक भाग सुटा होता. एकेक भाग बदलत तीच गाडी बापाकडून मुलाकडे जाई. वाहन कधी 'मरते' ही कल्पनाच त्या व्यवहारात नव्हती.

५/ पुढची कथा वालचंद हिराचंद यांची. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकाने याच बोरघाटात रेल्वेच्या बोगद्यांची कंत्राटी कामे केली होती. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी होई. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी इटलीच्या फियाटशी करार झाला.

६/ १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले : केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना येथे स्थान नाही, गाडी टप्प्याटप्प्याने येथेच बनली पाहिजे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी देशातील काम आवरते घेतले. भारतीय ग्राहकापुढे मोजक्या गाड्या उरल्या. त्यांतली एक कुर्ल्याची फियाट ११००.

७/ चौसष्टच्या सुमारास हीच गाडी 'डिलाइट' झाली, १९७२ मध्ये 'प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी'. नावे बदलली, इंजिन मुळात तेच राहिले. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, एकूण १०८९ सीसी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच खांबावर.

८/ या न बदलण्याची पुष्कळ थट्टा झाली आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र ते वरदान होते. एका दशकातल्या गाडीचा भाग पुढच्या दशकातल्या गाडीला बहुधा बसे. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात सुटे भाग मिळत आणि एका गाडीवर हात बसलेला मेकॅनिक सगळ्याच गाड्या ओळखे.

९/ त्या काळात जुनी गाडी मोडीत काढणे हा वेडेपणा ठरला असता. परवाना-राज्यात उत्पादन मर्यादित, आयात जवळजवळ बंद आणि नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. नवी गाडी हाताशीच नसल्यावर जुनीचे मोल कमी कसे होणार? 'दुरुस्त करावी का?' असे कोणी विचारतच नसे, 'कधी होईल?' एवढेच विचारले जाई.

१०/ आणि या दुरुस्तीच्या वाटेवर पनवेल पुन्हा उभे होते. १९७३ साली ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला. तोवर ठाणे-मुंब्र्याच्या वळशाने येणारी मुंबईची वाहतूक आता थेट पनवेलला येऊ लागली. येथूनच एक रस्ता पुण्याकडे, दुसरा गोव्याकडे फुटतो. पुढे एका बाजूस बोरघाट, दुसऱ्या बाजूस कर्नाळ्याची खिंड. चढणीआधी रेडिएटरमध्ये पाणी भरून घेण्याचे हे स्वाभाविक ठिकाण.

११/ इंजिन झिजले की एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो, कारण रिंगांच्या फटीतून ऑइल वर चढून जळते. उपाय ठरलेला : इंजिन खोलायचे, सिलिंडरचे बोअर लेथवर किंचित मोठे करून घ्यायचे, त्या मापाचे पिस्टन-रिंग घालायचे. हे काही वेळा करता येते. पुढे लाइनर घालून बोअर पुन्हा मूळ मापावर आणता येते. म्हणजे नीट सांभाळले तर इंजिनास पुनर्जन्म आहे.

१२/ मग गाडी मरते कशाने? पत्र्याने. बैलगाडीस आणि ट्रकला सांगाडा वेगळा असतो. फियाट ११०० ची बांधणी तशी नाही : तिचे अंग हाच तिचा सांगाडा. दरवाज्याखालची पट्टी, तळाचा पत्रा आणि पुढचे सस्पेन्शन जेथे जोडलेले असते ती जागा, यांवरच सारी गाडी तोललेली असते. तेथे गंज शिरला की बदलायला 'सुटा भाग' उरत नाही.

१३/ कोकणपट्टीचा पावसाळा आणि खाडीचा खारा वारा नेमका येथेच वार करतो. म्हणून जुने मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकत. रंगाखाली लांबी भरली आहे का, हे पाहण्यासाठी लोहचुंबक फिरवत. लांबी जाड असेल तेथे तो धरत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पत्रा टणक आहे की पापुद्रा, तेही पाहिले जाई.

१४/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हिशेबाची एक बाजूच उलटली. नवी गाडी हळूहळू मिळण्याजोगी झाली. १९९१ नंतर परदेशी कंपन्याही परतल्या. वाट पाहण्याचे मोल संपले आणि त्याबरोबर जुन्या गाडीच्या किमतीत दडलेला मोठा हिस्साही संपला. २००० च्या सुमारास कुर्ल्याची पद्मिनी थांबली.

१५/ टॅक्सीच्या रूपात ती आणखी टिकली. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २०१३ मध्ये २० वर्षांवर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. तिचा शेवट इंजिनाने नाही, कायद्याच्या तारखेने ठरवला.

१६/ खासगी गाडीचे तसे नाही, आणि येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. दिल्ली परिसरातील पेट्रोल गाड्यांचा १५ वर्षांचा नियम महाराष्ट्रास लागू नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरली तर ५-५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते.

१७/ मात्र जुनेपणाची किंमत वाढत गेली आहे. राज्यात १५ वर्षांपुढील खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहे. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये २० वर्षांपुढील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. अधिकृत मोडणी केंद्रात गाडी दिल्यास जे प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत देण्याची तरतूद आहे.

१८/ याउलट २०२१ च्या नियमांनी ५० वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' दर्जा दिला. १९७४ ची पद्मिनी आता त्या उंबरठ्यावर पोहोचली आहे. पण अट कडक आहे : सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा आणि गाडी रोजच्या वापरास नको. म्हणजे उत्साहाने नवे इंजिन बसवणारा मालक तिला वाचवता वाचवता तिचा हक्कच घालवू शकतो.

१९/ तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो. रोज चालवण्यासाठी गाडी हवी असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीनंतरची बाजारातली किंमत यांची तुलना होते. त्यात पद्मिनी बहुधा हरते. आठवण किंवा इतिहासाचा पुरावा म्हणून ती हवी असेल, तर प्रश्न एवढाच की तळ शाबूत आहे का. शाबूत असेल तर इंजिनाचा खर्च करण्यात अर्थ आहे. सडला असेल तर इंजिनावरचा पैसा पाण्यात जातो.

२०/ या साऱ्यात एक तिसरा निर्णयही असतो, आणि तोच सर्वाधिक घरांत घेतला जातो : काहीच न ठरवणे. ताडपत्री ओल धरते आणि गंज मुकाट्याने आपले काम करतो. पाच पावसाळ्यांनंतर निवडीला काही उरत नाही. मोडीत काढलेली गाडी निदान पोलाद म्हणून परत वितळते. अंगणात सडलेली कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

२१/ बोरघाट उतरून आलेल्या गाडीवानाला पनवेलमध्ये निर्णय पुढे ढकलता येत नसे. चाक बदलायचे किंवा माल येथेच उतरवायचा. त्याच गावातल्या अंगणात आज उभ्या असलेल्या पद्मिनीलाही तेवढाच न्याय हवा आहे. येत्या पावसाआधी कोणीतरी ताडपत्री बाजूला करून, गुडघ्यावर बसून, तिच्या तळाचा पत्रा एकदा ठोकून पाहायला हवा.