मार्गातला माग

सांगली जिल्ह्यातल्या एका फाट्यावर पाटी पाहिली: 'क्रांतिसिंह नाना पाटील मार्ग'. दीड-दोन किलोमीटरचा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. सोबतचे आजोबा म्हणाले, "ही आमची पाणंद." पाणंदीचा मार्ग कधी झाला, या एका प्रश्नापायी मी कोशांत शिरलो.

वाट आली 'वर्त्म'वरून, रस्ता फारसीतून. त्यांत भांडण नाही. भांडण आहे ते मार्गाचं. धातुपाठात 'मृग' आणि 'मार्ग' हे दोन्ही धातू शोधण्याच्या अर्थी दिले आहेत. काहींना त्यात 'मृज्' म्हणजे पुसणं दिसतं; पायांनी घासून स्वच्छ झालेली ती वाट. निरुक्तकार यास्क तर मृग हा शब्दच 'मृज्'वरून लावतो, पण तिथे त्या धातूचा अर्थ गती घेतो. माझा कौल मृगाला. मृगशीर्ष नक्षत्रावरून महिन्याचं नाव मार्गशीर्ष होतं, ऋकाराचा 'आर्' होतो. तसाच मृगाचा मार्ग. वेदांत मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, कुठलंही रानटी जनावर. त्याच्या पायांनी रानात पडलेली रेघ, तो मार्ग. ती रेघ धरून जाणं ही मृगया.

प्राकृतात मार्गाचा 'मग्ग' झाला आणि मराठीत 'माग'. माग काढणं, मागोवा, मागे हे सगळे त्याच घरचे. शोधण्याच्या अर्थातून 'मागणे'ही आलं. 'मग्ग' म्हणजे साधा रस्ताही होता, त्यामुळे मराठीतली पाऊलखूण हा मूळ अर्थ की नंतर आलेला, यावर कुणी मला अडवू शकेल. तरी मला वाटतं, शिकाऱ्याची भाषा आपल्याकडे जिवंत राहिली.

पण पाटीवर हा शब्द आला कसा? नावाला जोडताना 'चा' लागत नाही, म्हणून मार्ग सोयीचा, असं मी आधी धरलं होतं. पुण्याच्या टिळक रस्त्याने आणि बाजीराव रस्त्याने ते मोडून काढलं. दुसरा धागा सरकारी आहे. 1943मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशातल्या रस्त्यांची उतरंड ठरली. आजच्या आपल्या मराठीत ती राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत खाली ग्रामीण मार्ग अशी आहे. खेड्यात 'मार्ग' रुजला तो बांधकाम खात्याच्या याच कागदांतून, असं माझं ठाम मत आहे. भक्तिमार्ग, ज्ञानमार्ग या शब्दांमुळे त्याला आदराचं वजन आधीच होतं. थोरांच्या नावापुढे तो शोभला.

आणि योग पाहा. त्याच 1943 साली साताऱ्यात इंग्रज राजवटीला समांतर असं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याचे नेते नाना पाटील 1942पासून 1946पर्यंत भूमिगत होते. एवढी वर्षं इंग्रजांचे पोलीस ज्यांचा माग काढत फिरले पण ज्यांचा माग त्यांना कधी लागला नाही, त्यांच्या नावापुढे आज 'मार्ग' लिहिलेलं आहे. शब्द तोच.

म्हणून ग्रामसभांना एक विनंती. रस्त्याला थोरांचं नाव जरूर द्या, पण पाटीवर खाली, लहान अक्षरांत का होईना, त्या वाटेचं जुनं नावही लिहा: पाणंद, पांदण, शिवरस्ता, जे असेल ते. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.