घरी रुग्ण सांभाळणाऱ्या सेविकेला काय सांगावे, कसा आधार द्यावा

अर्धांगवायू, खुब्याचे फ्रॅक्चर, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश झालेले वयस्कर रुग्ण रुग्णालयातून घरी आले, की अनेक कुटुंबे ब्युरोमार्फत सेविका ठेवतात. तिला कुणी मावशी म्हणतात, कुणी ताई. काही घरी पुरुष सेवक असतात. रुग्णाला भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, डायपर बदलणे, चालवणे ही कामे बारा-बारा तास तीच करते. डॉक्टरांच्या सूचना मात्र मुलाला किंवा सुनेला मिळालेल्या असतात, आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते.

सूचना प्रत्यक्ष काम करणाऱ्या हातांपर्यंत पोचली नाही, तर तिचा उपयोग नाही. ठसका लागून अन्न फुप्फुसात जाणे, पाठीला जखम होणे, साखर अचानक उतरणे, पडून हाड मोडणे असे प्रकार बरेचदा वेळीच माहिती न मिळाल्यामुळे घडतात. म्हणून सेविकेला माहिती देणे हा उपचाराचाच भाग समजा.

आधी कामाची हद्द ठरवा

ब्युरोकडून येणाऱ्या सर्वांचे शिक्षण सारखे नसते. एएनएम किंवा जीएनएम झालेल्या परिचारिकेची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. काहींनी रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम केलेला असतो. अनेकजणी केवळ अनुभवाने शिकलेल्या असतात. शिरेतून इंजेक्शन देणे, लघवीची नळी किंवा नाकातली नळी घालणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही कामे परिचारिकेची आहेत. ती मावशींवर सोपवू नका. "तुम्हाला हे येतं ना?" असे विचारले, की काम जाण्याच्या भीतीने "हो" असे उत्तर मिळू शकते. त्याऐवजी "एकदा करून दाखवा" असे म्हणावे आणि चुकल्यास शांतपणे शिकवावे.

पहिल्या दिवशी द्यायची माहिती

एका कागदावर मोठ्या अक्षरात, सेविकेला वाचता येईल अशा भाषेत लिहून तो पलंगाजवळ लावा. वाचता येत नसेल तर तोंडी समजावून तिच्याकडून पुन्हा वदवून घ्या. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

- आजार: कोणता आजार आहे, कोणती बाजू कमजोर आहे, ऐकू किंवा दिसायला कमी येते का.
- ॲलर्जी: कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची.
- औषधे: कोणती गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर. पार्किन्सन्सच्या गोळीची वेळ चुकवू नये. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत. कोणती गोळी कुटता येते हे डॉक्टरांना विचारून लिहा.
- जेवण: गिळण्याचा त्रास असल्यास रुग्णाला ताठ बसवूनच भरवावे आणि नंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. अशा रुग्णाला घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाण्याने जास्त ठसका लागू शकतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते.
- त्वचा: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहाव्यात. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून जागा गरम किंवा कडक वाटते का ते तपासावे.
- लघवीची नळी: पिशवी नेहमी ओटीपोटाच्या पातळीखाली ठेवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये.
- फोन: घरातल्या दोन व्यक्तींचे क्रमांक, डॉक्टरांचा क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

रुग्णाला काय आवडते, कशाची चीड येते, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते हेही सांगा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या बाबतीत ही माहिती औषधाइतकी उपयोगी पडते.

संसर्गाबद्दल काय सांगावे

रुग्णाला फुप्फुसाचा क्षयरोग, खरूज किंवा कांजिण्या असतील तर सेविकेला पहिल्याच दिवशी सांगावे. हे लपवणे तिच्यावर आणि तिच्या घरच्यांवर अन्याय आहे. एचआयव्हीची गोष्ट वेगळी आहे. तो जेवू घालण्याने, अंग पुसण्याने किंवा स्पर्शाने पसरत नाही, आणि २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत एकच नियम पाळा: रक्त, मलमूत्र किंवा जखम हाताळताना हातमोजे आणि त्यानंतर साबणाने हात धुणे. वापरलेल्या सुईला टोपण लावू नये, ती जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात टाकावी. हातमोजे आणि साबणाचा खर्च कुटुंबाने करावा. सेविकेला हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस मिळाले आहेत का हे विचारा.

धोक्याची लक्षणे

पुढील गोष्टी दिसल्यास कोणाच्या परवानगीची वाट न पाहता फोन करायचा, हे सेविकेला स्पष्ट सांगा.

- तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे. अर्धांगवायूत गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षण किती वाजता दिसले ते लक्षात ठेवावे.
- मधुमेही रुग्णाला घाम, थरथर, गोंधळ. साखर ७० पेक्षा कमी असल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये.
- एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ, बडबड किंवा सतत झोप. हे "वयामुळे" असे समजू नये. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा एखादे औषध असू शकते.
- धाप, ताप, छातीत दुखणे, काळे शौच, लघवी बंद होणे, पडणे.

सेविकेने फोन केला आणि विशेष काही निघाले नाही, तरी तिला बोलू नका. एकदा बोलणी बसली, की पुढच्या वेळी ती फोन करायला कचरते.

रोजची वही

साधी शंभर पानी वही पुरते. वेळ, खाणे-पाणी, लघवी-शौच, औषध, कूस, ताप-रक्तदाब-साखर आणि "आज काही वेगळे" असे रकाने आखा. दिवसपाळी आणि रात्रपाळी बदलताना दोघींनी पाच मिनिटे एकत्र वही पाहावी. तपासणीला येताना वही आणा, आणि शक्य असल्यास सेविकेलाही आणा. डॉक्टरांनी तिला थेट प्रश्न विचारावेत. रात्री रुग्ण किती वेळा उठतो हे तिलाच ठाऊक असते.

मुले परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतील, तर वहीच्या पानाचा फोटो रोज मागवता येतो. मात्र खोलीत कॅमेरा लावला असल्यास तसे सेविकेला सांगावे. औषधातला बदल फोनवर तोंडी न सांगता लिहून पाठवावा, आणि अडीअडचणीला धावून येईल असा गावातला एक माणूस नेमून ठेवावा.

सेविकेची तब्येत

रुग्णाला उचलताना सेविकेच्या कंबरेवर मोठा ताण येतो. पलंग तिच्या कंबरेच्या उंचीला असावा, गुडघे वाकवून जोर लावावा आणि जड रुग्णाला दोघांनी चादरीच्या साहाय्याने सरकवावे. अर्धांगवायूच्या बाजूचा हात धरून ओढू नये, त्याने खांदा निखळू शकतो. हे सारे फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकवून घ्या.

चोवीस तासांच्या ड्यूटीत तिला सलग झोप, वेळेवर जेवण, स्वतंत्र अंथरूण आणि आठवड्याची सुट्टी मिळाली पाहिजे. जागरणाने थकलेल्या माणसाच्या हातून औषधाची चूक होते. सुट्टीच्या दिवशी कोण येणार हे आधीच ठरवा.

स्मृतिभ्रंशाचे रुग्ण कधी शिव्या देतात, मारतात, चोरीचा आळ घेतात किंवा लैंगिक स्वरूपाचे वर्तन करतात. हा आजाराचा भाग असू शकतो, हे तिला आधी सांगा. पण म्हणून तिने निमूट सोसावे असे नाही. तिची तक्रार ऐकून डॉक्टरांना कळवा. घरातल्या इतर कोणी त्रास दिल्यास २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात घरकामगार महिलांनाही संरक्षण आहे, आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. अनेक महिने सांभाळलेला रुग्ण गेला, की सेविकेलाही दुःख होते. तिच्याशी दोन शब्द बोला. मन फारच खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ज्येष्ठांविषयीच्या अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक आहे.

थोडक्यात

कामाची हद्द ठरवा. सूचना तिच्या भाषेत द्या. वही ठेवा. धोक्याच्या वेळी फोन करण्याचा अधिकार तिला द्या. तिची झोप, कंबर आणि मान सांभाळा. यातल्या कोणत्याही गोष्टीला फारसा खर्च नाही, पण रुग्णाची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात यांवरच अवलंबून आहे.