परदेशप्रवेशाचें मूल्य

मुलगा उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जावयाचा ठरला म्हणजे आजकाल घरांत त्याच्या विद्येपेक्षां व्हिसाचीच काळजी अधिक वाहिली जाते. शुल्क आधीं भरावें, मग उत्तराची वाट पाहावी, आणि उत्तर नकारार्थी आलें तर शुल्क बुडालें तें बुडालेंच, असा हा व्यवहार. युरोपांतील शेंगेन देशांचें हें शुल्क जून २०२४ मध्यें ८० युरोंवरून ९० युरो झालें. हा रिवाज पुरातन असावा असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याचें आजचें रूप आपल्या पणजोबांच्या काळचें आहे.

१९१४ पूर्वीं रशिया व तुर्कस्तान हे ठळक अपवाद सोडले तर युरोपांतील बहुतेक देशांत पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. महायुद्धांत हेरांच्या भयानें दरवाजे लागले, ते तह झाल्यावरहि नीटसे उघडले नाहींत. ऑक्टोबर १९२० मध्यें राष्ट्रसंघाच्या वतीनें पॅरिस येथें परिषद भरली. प्रवेशाच्या व्हिसास दहा सुवर्ण फ्रँक व नुसत्या वाटसरूस एक, याहून अधिक घेऊं नये, अशी शिफारस तिनें केली. दहा सुवर्ण फ्रँक म्हणजे त्या वेळचे दोन डॉलरहि नव्हेत. अमेरिकेनें मात्र त्याच वर्षीं अर्जासह दहा डॉलर घेण्याचा कायदा केला! हिंदुस्थानांतील पासपोर्टाचा कायदाहि १९२० चाच.

परंतु तिजोरीसाठीं घेतलेलें शुल्क निराळें, आणि मनुष्य येऊंच नये म्हणून लावलेलें निराळें. कॅनडानें चिनी मजुरांवर १८८५ मध्यें माणशीं ५० डॉलर कर बसविला. १९०० मध्यें तो १०० व १९०३ मध्यें ५०० डॉलर झाला. ही रक्कम मजुराच्या सुमारें दोन वर्षांच्या कमाईइतकी होती.

हिंदी लोकांचें प्रकरण याहून नाजूक. ते साम्राज्याचे प्रजाजन. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानें त्यांस इतर प्रजेच्या बरोबरीचें अभिवचन दिलेलें. नांव घेऊन त्यांस मज्जाव करणें लंडनला अडचणीचें झालें असतें. तेव्हां १९०८ मध्यें कॅनडानें असा हुकूम काढिला कीं, जो आपल्या देशाहून थेट तिकिटानें, वाटेंत न थांबतां आला नसेल, त्यास घेऊं नये. शिवाय आशियांतून येणाऱ्याजवळ २०० डॉलर रोख असावे. चिन्यांस निराळा कायदा व जपानशीं निराळा करार असल्यामुळें या रकमेचा भार मुख्यतः हिंदी माणसावरच पडला. हुकुमांत हिंदुस्थानचें नांव नाहीं. आणि हिंदुस्थानाहून तेथवर थेट प्रवासाची सोय तर नव्हतीच. कायद्याची भाषा किती निष्पाप दिसूं शकते, याचा याहून चांगला नमुना आमच्या पाहण्यांत नाहीं.

१९१३ च्या अखेरीस ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयानें हे हुकूम मूळ कायद्याच्या शब्दांशीं जुळत नाहींत म्हणून रद्द ठरविले. सरकारनें शब्द दुरुस्त करून १९१४ च्या आरंभीं ते पुन्हां लागू केले. याच सुमारास गुरुदत्तसिंग यांनीं ‘कोमागाता मारू’ हें जपानी जहाज भाड्यानें घेतलें. २३ मे १९१४ रोजीं ३७६ उतारू घेऊन तें व्हँकूव्हरला पोंचलें. उतारूंत बहुसंख्य शीख, कांहीं मुसलमान व थोडे हिंदू होते. पूर्वीं तेथें राहून गेलेले वीस-बावीस जण उतरूं दिले. बाकीचे दोन महिने किनारा डोळ्यांपुढें असतां जहाजावरच अडकून पडले. अन्नपाण्याचेहि हाल झाले. २३ जुलैला ‘रेनबो’ या युद्धनौकेच्या पहाऱ्यांत जहाज माघारीं धाडण्यांत आलें. २९ सप्टेंबरला तें कलकत्त्याजवळ बजबज येथें लागलें, तेव्हां सरकारनें उतारूंस पंजाबच्या गाडींत बसविण्याचा हट्ट धरिला. त्यांतून झटापट होऊन गोळीबार झाला व सुमारें वीस उतारू स्वदेशाच्या भूमीवरच मारले गेले.

थेट प्रवासाचा तो नियम १९४७ मध्यें उठला. जहाजाबद्दलची क्षमा कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत मे २०१६ मध्यें मागितली.