माझगांवची टेकडी

मुंबईच्या डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे. खालीं आगगाड्यांची, मालमोटारींची आणि गोदीची अखंड धडधड. परंतु टेकडी चढून जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानांत पाऊल टाकलें, कीं तीच धडधड मंद होते. पूर्वेस बंदराचें पाणी दिसतें, त्यावरून येणारा वारा अंगास लागतो, आणि दिवसभर शिणलेला मनुष्य घटकाभर स्वस्थ बसतो. ही स्वस्थता त्या टेकडीस आरंभापासून लाभलेली नव्हती.

सतराव्या शतकांत येथें ईस्ट इंडिया कंपनीचा किल्ला होता. कंपनीचा अधिकारी सर जॉन चाइल्ड याच्या कारकीर्दींत मोंगलांचीं जहाजें धरण्यांत आलीं व औरंगजेबाशीं वैर ओढवलें. त्याचें फळ लवकरच मिळालें. इ. स. १६८९ मध्यें जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला. माझगांवची शिबंदी तोफा मागें टाकून निघून गेली, आणि ज्या उंचवट्यावरून बंदरावर नजर ठेवावयाची, तेथेंच शत्रूचें ठाणें बसलें. अखेर कंपनीनें बादशहाची क्षमा मागितली, दीड लक्ष रुपये दंड भरला, तेव्हां १६९० मध्यें सिद्दी परतला. पण जातांना माझगांवचा किल्ला त्यानें उद्ध्वस्त केला.

दोन शतकांनीं हीच उंची निराळ्या कामास आली. १८६० मध्यें विहार तलाव पुरा झाला, आणि विहिरी-तळ्यांवर जगणाऱ्या मुंबईस नळाचें पाणी मिळूं लागलें. उंचावर साठविलेलें पाणी आपल्याच भारानें खालच्या वस्तींत उतरतें. म्हणून १८८४ मध्यें या टेकडीवर जलाशय बांधण्यांत आला. पिण्याच्या पाण्याच्या डोक्यावर इमले कोण चढविणार? तेथें बाग झाली. भोंवतालची जमीन चाळींनीं आणि वखारींनीं व्यापली, पण पाण्यानें हा माथा मोकळा राखला.

उद्यानास नांव मिळालें तें माझगांवांतच जन्मलेल्या काका बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) यांचें. लोकमान्यांचे सहकारी, १९१६ मध्यें स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, कामगारांचे कैवारी, अशी त्यांची ख्याति. श्रमिकांच्या वस्तींतील विसाव्याच्या जागेस याहून शोभणारें नांव मिळणें कठीण.

तोफांना जी टेकडी राखतां आली नाहीं, ती पाण्यानें राखली. पुढचें राखणें नगरवासीयांच्या हातीं आहे. शहर वाढेल, जमिनीचे भाव चढतील. परंतु तिन्हीसांजेस थकलेल्या जिवानें टेकावें असा एखादा माथा ज्या नगराला राखतां येत नाहीं, तें श्रीमंत असलें तरी सुखी म्हणतां येणार नाहीं.