सर्व्हे नंबरला रस्ता होता, पोटहिश्श्याला नव्हता

उसाच्या तोडी सुरू झाल्या की शिवारात एक भांडण ठरलेलं असतं, ते म्हणजे रस्त्याचं. कुणी चर खणतो, कुणी बांधावर काट्या टाकतो, कुणी वाटेतच ऊस लावून मोकळा होतो. मग पोलीस पाटील, तलाठी, तहसील, आणि शेवटी बोलणं बंद. लोक म्हणतात माणसं बिघडली. मला हे अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं आपल्या जमिनीच्या नकाशात आहे आणि ते बरंच जुनं आहे.

इंग्रज आल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल साहेबाने एक मोजणी केली. आकार इतका चढा बसला की इंदापूरकडची रानं ओस पडली. मग 1835-36 च्या सुमारास त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी सुरू केली. आज आपण सर्व्हे नंबर म्हणतो तो त्या पद्धतीचा. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की सर्व्हे नंबर साधारण एका बैलजोडीने कसता येईल एवढा धरायचा, हा त्यामागचा हिशोब होता. म्हणजे एक नंबर, एक जोडी, एक घर. त्या नंबराच्या एखाद्या कडेला गाडीवाट लागली की काम भागलं. आत रस्ता कशाला लागतो? आत सगळं आपलंच.

मोजणी साखळीने व्हायची. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 फूट लांब नि 33 फूट रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, तोच आपला गुंठा. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा दिसते ती गाडीवाट, एकेरी तुटक रेषा ती पायवाट. पायवाट सव्वाआठ फूट आणि गाडीवाट साडेसोळा फुटांपासून पुढे धरतात. हे असले आकडे कुठून आले म्हणून पुष्कळ जण विचारतात. सव्वाआठ म्हणजे चार आणे साखळी आणि साडेसोळा म्हणजे आठ आणे. एवढंच आहे ते.

पुढे घरात भाऊ वाढले. एका नंबराचे दोन, दोनाचे पाच पोटहिस्से झाले. वाटणी करताना प्रत्येकाला हलकं-भारी रान सारखं यावं म्हणून उभ्या-आडव्या पट्ट्या पाडल्या, विहिरीच्या पाळ्या ठरवल्या, आंब्याची झाडंसुद्धा वाटली. वाट मात्र फार कमी कागदांवर आली. सख्ख्या भावात वाट काय लिहायची, असं वाटलं असणार. 1947 साली तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला, गावोगाव एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबराचे गट नंबर झाले. तरी खातेफोड थांबली नाही.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? विचारून चाललं. मागचा गडी गाडी जुंपायच्या आधी पुढच्याच्या वस्तीवर जाऊन म्हणायचा, "तात्या, गाडी घालू का?" तात्या म्हणायचे, "घाल की, इचारतो काय. तेवढी ज्वारी काढू दे." चार दिवस थांबून गाडी जायची. गाडी पाच-सहा फुटांत बसायची आणि पीक निघाल्यावर वावरातून गेली तरी नुकसान होत नसे.

आता कायदा बघा. वहिवाटीचा कायदा, म्हणजे सुविधाधिकार कायदा, 1882 चा. आपल्या मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये लागू झाला. त्याचं कलम 15 म्हणतं की वीस वर्षं उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वाट वापरली तर वहिवाटीचा हक्क मिळतो. यातला 'हक्क म्हणून' हा शब्द भारी पडतो. दरवेळी विचारून गेलात तर ती परवानगी झाली, हक्क नाही. म्हणजे ज्या घराने तीन पिढ्या रीत पाळली त्याची बाजू कोर्टात लंगडी, आणि न विचारता गाडी दामटणाऱ्याची भक्कम! मला हे कधीच नीट पचलेलं नाही. शिवाय ती वीस वर्षं दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. वाट बंद होऊन तीन वर्षं गप्प बसलात तर हे कलम हातचं गेलं.

भावकीतल्या वाटण्यांसाठी त्याच कायद्यात कलम 13 आहे. एकत्र जमीन वाटली आणि एकाच्या हिश्श्यातून गेल्याशिवाय दुसऱ्याला आपलं रान कसताच येत नसेल, तर गरजेची वाट मिळते. ती कुठून काढायची हे देणाऱ्याने ठरवायचं, पण ती घेणाऱ्याला बऱ्यापैकी सोयीची पाहिजे. वीस वर्षांची अट इथे नाही. पुष्कळांची अडचण याच कलमात बसते, पण ते कलम 15 च धरून बसतात.

दिवाणी दाव्याला वर्षं लागतात, आणि शेताला तर हंगाम असतो. म्हणून जुन्या सरकारने मामलतदाराला कोर्टाचे अधिकार दिले. आधी 1876 चा कायदा होता, सध्या चालतो तो 1906 चा. त्याच्या कलम 5 खाली चालू वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. मुदत सहा महिने, अडवल्या दिवसापासून. दुसरा मार्ग जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 चा. वाट मुळात नसेल तर दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे सरबांधावरून, ती मागता येते. शेतकऱ्याची वाजवी गरज तहसीलदाराने बघायची असते. निकाल मान्य नसेल तर एका वर्षात दिवाणी दावा लावायचा. ही दोन कलमं वेगळी आहेत. अर्ज एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असेल तर तारखाच वाढतात.

आमच्या शिवारात सध्या एक प्रकरण चालू आहे. माझं रान रस्त्याकडेला असल्यामुळे मी त्यात नाही, पण नकाशे काढायला बरोबर गेलो होतो. पुढचा मालक वारला, मुलाने जूनमध्ये वाटेवर आडवा चर खणला. मागचे चौघे म्हणाले, बघू, तोडीला भरून घेऊ. डिसेंबरच्या शेवटी टोळी आली आणि गाडी चरापाशी थांबली. तोवर कलम 5 ची मुदत उलटून गेली होती. आता अर्ज 143 खाली आहे. मोजणी कार्यालयातून जुना सर्व्हेचा नकाशा आणि गटाचा नकाशा दोन्ही काढले. नंबराच्या कडेपर्यंत दुहेरी तुटक रेषा स्वच्छ आहे, आत काहीच नाही. मुलाचंही म्हणणं अगदी खोटं नाही. बापाने बैलगाडीला वाट दिली होती, दहा चाकी ट्रकला नाही.

रुंदीचा हा प्रश्न सरकारलाही दिसलेला आहे. मे 2025 च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यावी असं म्हटलं आहे. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. विदर्भातल्या मित्रांकडे तर वाजिब-उल-अर्ज आहे, त्यात गावच्या वाटांच्या रूढी लिहिलेल्या असतात. संहितेचं कलम 165 बघा.

स्थळपाहणीच्या दिवशी सरबांधाला टेप लावला तर तो काही ठिकाणी दोन फूटसुद्धा भरला नाही. दोन्हीकडून नांगर लागत आलाय. आता दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं रान सोडायची बोलणी चालू आहेत. पुढची तारीख महिन्याने आहे, आणि चौघांचा ऊस अजून उभा आहे.